रक्तदाब आणि जमीन सुटलेला शेतकरी



निर्वासित हा शब्द उच्चारला की बेळगाव-हुबळीकडच्या आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंडगोडची तिबेटी वसाहत उभी राहते. १९६६ साली जंगल तोडून ती वसवली गेली. थंड पठारावरची माणसे आपल्या उष्ण मुलखात येऊन भात व मका पिकवू लागली. त्यांना निदान जमीन मिळाली. आजच्या पाठात आपण अशा एका समाजाची ओळख करून घेणार आहोत, की जो आपल्यासारखाच पिढीजात शेतकरी होता, परंतु ज्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली नाही. भूतानमधून निघालेल्या या लोकांपैकी बहुतेकांना २००८ नंतर अमेरिकेत घरे मिळाली. तेथे उपासमार नाही, पटकी-हिवतापाची भीती नाही. तरीही एका न दुखणाऱ्या रोगाने त्यांना गाठले. तो रोग म्हणजे उच्च रक्तदाब.

हा रोग आपल्याही घरोघरी आहे. म्हणून त्यांची हकीकत नीट समजून घेतली, तर आपल्यालाही उपयोग होईल.

हे लोक कोण?

भूतानच्या दक्षिणेकडील सामची, चिरांग, गेलेगफुग या डोंगरउतारांच्या भागांत नेपाळी बोलणारे शेतकरी कित्येक पिढ्या राहत होते. त्यांना ल्होत्शाम्पा, म्हणजे दक्षिणेकडचे लोक, असे म्हणत. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत भात व मका, उतारावर संत्र्यांच्या बागा, ओढ्याकाठच्या सावलीत मोठा वेलदोडा, आणि गोठ्यात गाय, असा त्यांचा प्रपंच होता. सकाळी चढण चढायची, संध्याकाळी पाठीवर भारा घेऊन उतरायची. व्यायाम हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती.

१९८५ साली भूतानने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. १९८८ च्या शिरगणतीत दक्षिणेकडील शेतकऱ्यांना १९५८ साली आपण येथे राहत होतो याचा पुरावा मागण्यात आला. पुरावा म्हणजे बहुधा त्या सालची शेतसाऱ्याची पावती. तीस वर्षांपूर्वीची सारापावती आपल्यापैकी किती जणांच्या पेटीत सापडेल, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. १९९० साली निदर्शने झाली, धरपकड झाली, आणि पुढील दोन-तीन वर्षांत हजारो कुटुंबांना गुरेढोरे व उभी पिके सोडून निघावे लागले. आसाम व बंगालमधून ही माणसे पूर्व नेपाळच्या झापा जिल्ह्यात मैधार येथे माई नदीच्या पात्रात येऊन थांबली. पुढे झापा व मोरंग या जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या. बांबूच्या झोपड्यांतून एक लाखाहून अधिक लोक राहू लागले. तेथील मुलांच्या शाळा कारितास नेपाळ या कॅथलिक संस्थेने चालवल्या.

छावणीत पोट भरत असे, परंतु शेती करण्याची किंवा उघडपणे नोकरी करण्याची मुभा नव्हती. नेपाळ ठेवून घेईना, भूतान परत घेईना. अशी सोळा-सतरा वर्षे गेली. अखेर २००७ साली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स व ब्रिटन या आठ देशांत त्यांना वसवण्याची योजना ठरली. २००८ पासून विमाने निघू लागली. एकूण एक लाख बारा हजारांहून अधिक लोक गेले. त्यांतील सुमारे ९६ हजार एकट्या अमेरिकेत गेले. ओहायो राज्यातील कोलंबस व ॲक्रन, पेन्सिल्व्हेनियातील पिट्सबर्ग व हॅरिसबर्ग अशा शहरांत आज त्यांचे मोठे मोहल्ले आहेत.

निघण्यापूर्वी दमक येथे प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होई. क्षयरोगाकडे विशेष लक्ष असे. नव्या देशात पोचल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा तपासणी होई. त्या वेळी प्रौढांमध्ये तीन दुखणी वारंवार दिसू लागली : वाढते वजन, मधुमेह आणि उच्च रक्तदाब. निर्वासित म्हणजे कुपोषित, साथीच्या रोगांनी जर्जर माणूस, या जुन्या कल्पनेत हे बसणारे नव्हते.

रक्तदाब म्हणजे काय?

ठिबकच्या नळ्या घातलेल्या शेतकऱ्याला हे सांगणे सोपे आहे. मोटर पाणी ढकलते, मुख्य नळीतून ते बारीक नळ्यांत जाते. नळ्या मोकळ्या व लवचिक असतील तर दाब बेताचा राहतो. नळ्या कडक झाल्या, आतून क्षार धरला, किंवा पाणी प्रमाणाबाहेर सोडले, तर दाब वाढतो. त्या वेळी वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. रोपांना पाणी मिळतच असते. मग एके दिवशी जोड निसटतो किंवा नळी फुटते.

आपल्या शरीरात हृदय ही मोटर आणि रक्तवाहिन्या या नळ्या होत. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, व ते सैल होते तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. निरोगी प्रौढ माणसाचा दाब १२० वर ८० च्या आसपास असतो. निरनिराळ्या दिवशी मोजूनही तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर २०१७ पासून १३० वर ८० या आकड्यापासूनच सावध होतात.

वर्षानुवर्षे दाब वाढलेला राहिला, तर हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, दृष्टी अधू होते, आणि मेंदूतील रक्तवाहिनी फुटली वा तुंबली तर अर्धांगवायूचा झटका येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे १४० कोटी प्रौढांना हा रोग होता, आणि पाचांपैकी जेमतेम एकाचा दाब काबूत होता. उरलेल्या चौघांपैकी पुष्कळांना आपल्याला रोग आहे हेच ठाऊक नसते, कारण डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, काम थांबत नाही.

शिध्याचे ताट आणि दुकानाचे ताट

छावणीतील शिधा ठरलेला होता : तांदूळ, डाळ, तेल, मीठ, थोडी साखर व थोडी भाजी. दूध, अंडी, मांस विकत घेण्याची ऐपत थोड्यांची. याचा परिणाम पुढे रक्ताच्या तपासणीत दिसला. मांस, दूध व अंडी यांतून मिळणाऱ्या बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी केली असता, नेपाळमध्ये घेतलेल्या ९९ नमुन्यांपैकी ६३ मध्ये त्याची कमतरता आढळली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हे २०११ साली प्रसिद्ध केले. पायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा ही लक्षणे त्या कमतरतेची असू शकतात. रोगी मात्र ती रक्तदाबाची समजतो आणि पायाच्या मुंग्या थांबल्या की दाबही गेला असे मानतो. म्हणून दोन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते.

कमी खाऊन वाढलेले शरीर काटकसरी बनते. आईच्या पोटात किंवा बालपणी ज्याला पुरेसे पोषण मिळाले नाही, त्याचे वजन पुढे झपाट्याने वाढले, तर मधुमेह व रक्तदाब त्याला इतरांपेक्षा लवकर गाठतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांची व त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली आहे. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या लोकांच्या अंगी चरबी जास्त व स्नायू कमी असतात, हे त्यांनी जगापुढे मांडले. छावणीत जन्मलेल्या मुलांनाही हा विचार लागू पडतो. ती मुले आज अमेरिकेत कामावर जाणारे तरुण आहेत.

आता दुकानाचे ताट पाहू. आपल्याकडे मीठ घरात पडते : आमटीत, लोणच्यात, पापडात, सुक्या मासळीत. गृहिणीने हात आखडला तर ते कमी होते. अमेरिकेत सत्तर टक्क्यांहून अधिक मीठ डबाबंद, पाकीटबंद व हॉटेलच्या पदार्थांतून पोटात जाते. पाव, डब्यातील सूप, वेफर्स, पिझ्झा आणि झटपट शेवया यांत ते आधीच घातलेले असते. शेवयांच्या एका पाकिटात बहुधा दिवसाच्या एकूण मिठाचा तिसरा हिस्सा ते निम्मा असतो. रात्रपाळी करून आलेला मुलगा शेवया उकळून खातो, वर लोणचे घेतो, आणि आपण आज मीठ हातातही धरले नाही असे म्हणतो.

जुन्या पदार्थांनाच दोष देण्याची घाई मात्र करू नये. या लोकांचा आवडता गुंद्रुक, म्हणजे मोहरी-मुळ्याचा पाला आंबवून वाळवलेली भाजी, मीठ न घालता करतात. त्याचे सांबार करताना मीठ जपून घातले, तर त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. दोष लोणच्याच्या बरणीचा व पाकिटांचा आहे. आरोग्यसेवकाने रोग्याचे सारेच अन्न वाईट ठरवले, तर रोगी त्याचे काहीच ऐकणार नाही.

बसलेले शरीर, जागे मन

या घरांतील तरुण गोदामांत, मांस कापण्याच्या कारखान्यांत, हॉटेलांत काम करतात. पाळ्या बदलतात व झोप मोडते. म्हातारी माणसे दिवसभर खोलीत असतात. बाहेर बर्फ, रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही, बसगाडी कोणती हे ठाऊक नाही. चिरांगच्या उतारावर दिवसाकाठी कोसभर चढणारा माणूस आता पलंग ते खिडकी एवढेच चालतो. वजन वाढते. त्यात काहींना तंबाखू-खैनीची वा दारूची सवय असते, आणि एकटेपणात ती बळावते.

काळजीचे काय? नेपाळी बोलणारे लोक रक्तदाबाला ‘प्रेसर’ म्हणतात, आपण ‘बीपी’ म्हणतो, आणि दोन्हीकडे पुष्कळांची समजूत अशी की हा रागाचा व टेन्शनचा रोग आहे. ही समजूत अर्धी खरी आहे. भीती व चिंता यांनी दाब तेवढ्यापुरता चढतो. सततच्या चिंतेने झोप जाते, व्यसन वाढते, औषध विसरते, आणि त्या वाटेने दाब कायमचा चढा राहतो. परंतु मन शांत आहे म्हणून दाबही उतरला असे समजणे धोक्याचे होय. शांत स्वभावाच्या, कधी कोणावर न ओरडणाऱ्या माणसाचाही दाब १७० असू शकतो. ते यंत्राने मोजूनच कळते.

या समाजाच्या चिंता खोट्या नाहीत. मार्च २०२५ पासून अमेरिकेने त्यांच्यातील गुन्ह्याचा ठपका असलेल्या काही जणांना भूतानला पाठवले. भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर सोडले, आणि त्यांतील काही जण पुन्हा नेपाळच्या छावणीत आढळले. त्यामुळे ज्या छावणीतून सुटका झाली असे वाटले होते, तिची भीती पुष्कळ घरांत परत शिरली. ज्याच्याजवळ कोणत्याच देशाचा कागद नाही, त्याला रोजची गोळी तरी कोण देणार? नेपाळच्या छावण्यांत मागे राहिलेल्या सहा-सात हजार लोकांपुढेही हा प्रश्न आहेच.

गोळी का सुटते?

रोग ओळखला, गोळी लिहून दिली, तरी दाब उतरत नाही, असे वारंवार घडते. असे का होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, साठ वर्षांचे एक आजोबा आहेत. डॉक्टरांनी त्यांना ३० गोळ्यांची बाटली दिली. तीन महिन्यांनी त्यांच्याच समाजातील आरोग्यसेविका घरी आली.

ती म्हणाली, “बा, प्रेसरची गोळी घेता ना?”

“घेतली की. सगळी संपवली.”

“मग पुढची बाटली?”

“पुढची कशाला? कोर्स पुरा झाला. आता काही दुखत नाही.”

आजोबा लबाडी करत नाहीत. छावणीत त्यांनी पाहिलेली औषधे तशीच होती. तापाच्या गोळ्या पाच दिवस, क्षयाच्या सहा महिने, मग रोग बरा. रक्तदाबाची गोळी त्या जातीची नव्हे. ती रोग उपटून काढत नाही, त्याला दाबून धरते. पिकातले तण एकदा खुरपले म्हणजे जन्मभराचे गेले असे कोणी शेतकरी म्हणत नाही. गोळी चालू आहे म्हणून दाब बरोबर आहे. ती बंद केली की दाब पुन्हा चढतो. काही गोळ्या तर एकाएकी सोडल्यास दाब एकदम उसळतो.

गोळी सुटण्याची इतर कारणेही आहेत.

१. बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत असते. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला सूर्य व चंद्राचे चित्र काढून सकाळ-रात्र दाखवावी लागते.

२. दुभाषा म्हणून घरातील शाळकरी नातवंडाला उभे करतात. आजी आपल्या लघवीची वा मनाची तक्रार नातवापुढे सांगत नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने भाषेची मदत मोफत द्यावी लागते. हा हक्क ठाऊक असला तर मागता येतो.

३. गोळीचे काही त्रास होतात. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, पाणी काढणाऱ्या गोळीने वारंवार लघवीला जावे लागते. रोगी गोळी गुपचूप सोडतो. डॉक्टरांना सांगितले असते तर दुसरी गोळी मिळाली असती.

४. औषधाचा खर्च. गरिबांसाठीची नेहमीची सरकारी आरोग्ययोजना ज्यांना लागू होत नाही, अशा नव्या निर्वासितांना अमेरिका काही महिने वैद्यकीय मदत देते. मे २०२५ मध्ये तिची मुदत बारा महिन्यांवरून चार महिन्यांवर आणण्यात आली. जन्मभराच्या रोगाला चार महिन्यांत भाषा, नोकरी व विमा यांची सोय लावायची, हे कठीण आहे.

५. सांधेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर दाब वाढतो व मूत्रपिंडास इजा होते. एकीकडे दाबाची गोळी व दुसरीकडे गुडघ्याची गोळी, असे चालले तर पहिलीचा उपयोग दुसरी हिरावून घेते. हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

मातीकडे परतण्याची वाट

यात आशेची गोष्ट अशी की या लोकांचे अर्धे औषध त्यांच्या हातातच होते. अनेक शहरांत पडीक सरकारी वा देवळांच्या जागेचे लहान वाफे करून निर्वासितांना कसायला दिले जातात. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेचा ‘न्यू रूट्स’ नावाचा उपक्रम अशाच कामासाठी आहे. व्हर्मोंट राज्यातील बर्लिंग्टन येथेही नव्या रहिवाशांसाठी सामुदायिक शेती चालते. तेथे भूतानी कुटुंबे मोहरीची पालेभाजी, मुळा, कारली, मिरची, भोपळ्याचे कोवळे शेंडे पिकवतात.

वाफ्याचा उपयोग चौपट आहे. म्हातारा माणूस घराबाहेर पडतो व वाकून काम करतो. ताजी भाजी घरात येते, आणि तिच्यातील पोटॅशियम मिठाचा जोर कमी करते. शेजारचा वाफेवाला ओळखीचा होतो. आणि ज्याला नव्या देशात काहीच येत नाही असे नातवंडांनाही वाटू लागले होते, त्याला आपल्यापेक्षा अधिक येते असे त्यांना कळते. वाफा म्हणजे गोळी नव्हे, हे मात्र सांगितले पाहिजे. मिरचीचे पीक चांगले आले म्हणून औषध बंद करू नये.

आरोग्यसेवेनेही एक गोष्ट शिकून घेतली. काही शहरांत याच समाजातील शिकलेल्या स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून तयार केले गेले. परक्या डॉक्टरांच्या तोंडचे दहा शब्द जे करत नाहीत, ते स्वतःच्या भाषेतील दोन शब्द करतात.

आपल्या घरी काय करावे?

आतापर्यंत जे वाचले त्यावरून पुढील गोष्टी प्रत्येक घराने पाळाव्या.

मोजणे. तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. गरोदर स्त्रीने प्रत्येक तपासणीच्या वेळी मोजून घ्यावा, कारण त्या काळात चढलेला दाब आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे व आकडा वहीत लिहून ठेवावा. उसाचे वजन लिहून ठेवणाऱ्याला हे जड नाही.

मीठ. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नव्हे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण सारे आले. ताटात वरून मीठ वाढू नये. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, एवढा हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलांकडून करून घ्यावा.

पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठही मिळते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षे याची परीक्षा झाली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे मीठ वापरणाऱ्यांपेक्षा अशा मिठाच्या गटात अर्धांगवायूचे झटके १४ टक्क्यांनी कमी आले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

चालणे. शेतात राबणाऱ्याला वेगळे चालायला नको. पण ज्याची शेती मुलांनी हाती घेतली व जो आता ओसरीवर बसून असतो, त्याने रोज अर्धा तास चालावे. गाव सोडून शहरात मुलाकडे राहायला गेलेल्या आईबापांची स्थिती त्या भूतानी आजोबांसारखीच असते. त्यांना खुर्चीत बसवून ठेवणे म्हणजे त्यांची सेवा नव्हे.

गोळी. ठरल्या वेळी रोज घ्यावी. बरे वाटते म्हणून सोडू नये, शेजाऱ्याची घेऊ नये, प्रवासाला जाताना आठ दिवसांची जास्त जवळ ठेवावी. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी.

धोक्याची खूण. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वा पाय एकाएकी लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर अंगारा-धुपारा किंवा तेलमालीश यांत वेळ दवडू नये. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. दाब १८० वर १२० च्या पुढे असून छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तरीही त्याच पावली मोठे रुग्णालय गाठावे.

उजळणीसाठी प्रश्न

घरी जेवणे झाल्यावर हे प्रश्न एकमेकांना विचारावे.

१. आपल्या घरात शेवटचा रक्तदाब कोणी, केव्हा मोजला? आकडा किती होता?
२. महिन्याला आपल्या घरात किती मीठ लागते? माणशी, दिवसाला ते किती पडते?
३. घरातील कोणी दाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली आहे काय? का?
४. गुडघे वा कंबर दुखते म्हणून रोज गोळी घेणारे कोणी आहे काय?
५. गावात किंवा मळ्यावर परमुलखातून आलेले मजूर, विस्थापित कुटुंब आहे काय? त्यांच्यातील वडीलधाऱ्यांना दवाखान्याची वाट व भाषा ठाऊक आहे काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे आले, तर पुढच्या वेळी आपण दवाखान्यात जाल तेव्हा त्यांच्यातील एकाला बरोबर घेऊन जा. आपला दाब मोजून झाल्यावर खुर्ची त्यांना द्या, आणि आकडा त्यांच्या भाषेत सांगता येईल असे कोणीतरी जवळ असू द्या.